वासंतीच्या पायातली पट्टी

१

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी वेचायला गेलो. राख आतून अजून कोमट होती. गुरुजी सांगत होते तसं मी वाकून एकेक हाड मडक्यात टाकत होतो. मध्येच बोटाला काहीतरी कडक लागलं. राख बाजूला केली तर धातूच्या पट्टीचे दोन तुकडे आणि काही स्क्रू. वासंतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मांडीच्या हाडाला बसवलेली पट्टी. एका भोकाच्या जागी मोडलेली.

ती मोडली होती हे आम्हाला माहीतच होतं. वासंती खाटेशेजारी वॉकर धरून उभी होती. घसरली नाही, आपटली नाही. "आतून कडकन वाजलं ओ," म्हणाली आणि खाली बसली. पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं. त्याआधीच पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुफ्फुसात गेली आणि सगळं आटोपलं.

"तेपण मडक्यात टाका," गुरुजी म्हणाले. "भाट्याच्या खाडीत सगळं एकदम सोडायचं. असलं काही घरी नेत नाहीत."

मी हो म्हटलं आणि तुकडे रुमालात बांधून खिशात घातले. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

घरी आलो तर पडवीत वाडीतल्या बायका जमलेल्या. मध्ये गोदाकाकू. आमच्या वाडीत काय खरं आणि काय खोटं हे गोदाकाकू ठरवते.

"डॉक्टरांनी बजावलान होता, पायावर भार देऊ नका," ती सांगत होती. "तरी पोरीन् चालवलान तिला. शिकलेल्या मुली, ऐकतात कुठे? आईला हातांनी घालवलान."

माझी मुलगी सावनी दाराआड उभी होती. आईच्या आजारपणात तिनेच सगळं केलं होतं. तिने ऐकलं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

२

त्यानंतर सावनी घराबाहेर पडेना. बालवाडीत शिकवायची, तेही सोडलं. पाण्याला जायची तीसुद्धा विहिरीवर कुणी नाही असं बघून. मी विचारलं की एकच बोलायची, "डॉक्टरच म्हणाले होते, उभं करा." मग दार लावून घ्यायची.

मी डॉक्टरांकडे गेलो. सलिल डॉक्टर म्हणजे गावातलं हाडांचं मोठं नाव. हसतमुख माणूस, पेशंटला नावाने हाक मारणारा.

"आप्पा, दुःख आहे, मला कळतं," ते म्हणाले. "पण पट्टी मोडते ती भार टाकल्यामुळे. दुसरं कारण नाही."

"उभं करा, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"उभं करा म्हटलं असेल. चालवा नाही म्हटलं."

"ती उभीच होती."

"आप्पा, आत काय झालं ते तुम्ही बघितलंत? मी तरी बघितलं?" त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. "टायटॅनियमच्या मिश्रधातूची पट्टी होती. विमानाला वापरतात तो धातू. त्याच्याहून चांगलं काही नाही."

मी पुन्हा गेलो तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. पुन्हा गेलो तर जेवायला. मग बाकावर बसून राहिलो, तर नर्स म्हणाली, "आप्पा, तुमचा पेशंट आता नाही ना? मग कशाला बसता?"

तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवशी मला चीड आली ती आजपर्यंत गेलेली नाही.

३

वाटलं, पट्टीच खोटी असेल. टायटॅनियम सांगून साधं स्टील घातलं असेल. असल्या वस्तू दवाखान्याला पुरवायचा तो सर्वेश. स्टँडजवळ त्याचा गाळा होता. मी रुमाल सोडून तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले. तो मागे सरकला.

"चितेतलं आणलंत? आप्पा, काय हे!"

"माल तुझाच ना?"

"माझाच असणार. पण आमचा माल ओरिजिनल. मुंबईहून बंद पाकिटात येतो. मी पेटी घेऊन ऑपरेशनला हजर असतो. कुठलं माप लागेल ते पाय उघडल्याशिवाय कळत नाही. लागेल ती घेतात, बाकीच्या मी परत नेतो. वहिनींच्या वेळी एक पट्टी गेली, एकाच पट्टीचं बिल झालं. मला चोर म्हणता?"

"मी काही म्हटलं नाही."

"तोंडावर दिसतंय. अहो, डॉक्टरांचा माझ्यावर एवढा विश्वास की त्यांचा साचासुद्धा मीच एमआयडीसीतून करून दिला. हवं तर सोनाराकडे नेऊन तपासा जा!"

मी खरंच सोनाराकडे गेलो. सोनार ओळखीचा होता. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण तुकडे घासून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलले. चुंबक लावलं. चिकटलं नाही.

"स्टील नाही हे," तो म्हणाला. "स्टील बरंच जड असतं. डॉक्टर टायटॅनियम म्हणाले ना? मग तेच आहे. आता हे खाडीत सोडा आणि आंघोळ करा. मलापण करायला लावलीत."

म्हणजे धातू खरा, पुरवठादार खरा, डॉक्टर खरे. राहिली फक्त माझी पोर.

४

सावनीला कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या नेत्रा मॅडम भेटायला आल्या. बुरोंडीच्या कोळ्यांची मुलगी. बाप मचव्यावर, आणि ही एमएस्सी झालेली. आवाज बंदरावरचा, मोठा. सावनी खोलीतून बाहेर आलीच नाही. मॅडम बंद दाराशी थोडा वेळ बोलल्या, मग पडवीत येऊन बसल्या.

"आप्पा, हिचं काय चाललंय? हिला कोण काय बोललं?"

मी सगळं सांगितलं आणि तुकडे दाखवले. मॅडमनी ते हातात घेतले, शिवाशिव वगैरे काही नाही. मोडलेली कड उन्हात धरून फिरवली.

"सोनाराने बरोबर सांगितलं, पण अर्धंच. टायटॅनियम आहे. कुठलं टायटॅनियम, ते वजनावरून कळत नाही. शुद्ध असो नाहीतर मिश्रधातू, वजन जवळजवळ सारखं, रंग सारखा, चुंबक दोघांनाही चिकटत नाही."

"मग फरक काय?"

"ताकदीचा. पट्टीसाठी वापरतात त्या मिश्रधातूत ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असतं. तो चिवट. शुद्ध टायटॅनियममध्येही कडक प्रती असतात, त्यांच्याही पट्ट्या निघतात. पण मऊ प्रतीचं असेल तर ते हाताने वाकतं."

"म्हणजे कळायचा मार्ग नाही."

"आहे की! वीज सोडायची." त्या पुढे सरकल्या. "शुद्ध धातूत विजेला वाट बरीच मोकळी असते. मिश्रधातूत परके अणू जागोजागी आडवे येतात. तुमच्या गोदाकाकूसारखे. म्हणून वीज अडते. त्याला विशिष्ट रोध म्हणतात. शुद्ध टायटॅनियमच्या मानाने या मिश्रधातूचा तिपटीहून जास्त."

"पण ती आगीतून आलीय, मॅडम."

"चांगला प्रश्न. आग लागली की टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याने रोध वाढतो. म्हणजे हिचा रोध जास्त भरला तर मी काहीच सांगू शकणार नाही. कमी भरला तर मात्र आगीवर ढकलता येणार नाही. आगीने मिश्रधातूचा शुद्ध धातू होत नाही."

पण अडचण होती. पट्टीला भोकं. भोकं असली की हिशेब बिघडतो. नुसता आकडा काढून कुणी विश्वास ठेवणार नाही. अगदी तशीच, त्याच मापाची, त्याच भोकांची दुसरी पट्टी शेजारी ठेवून मोजायला हवी.

"ती कोण देणार?" मी म्हटलं. "सर्वेश मला गाळ्यात घेणार नाही."

"डॉक्टर दर गुरुवारी दापोलीला जातात ना तपासायला?" मॅडम उठल्या. "मग गुरुवारी दवाखान्यात बघू."

५

गुरुवारी दवाखान्यात हरिश्चंद्र होता. ऑपरेशनची हत्यारं उकळून, पुसून, मांडून ठेवणारा. वासंतीला स्ट्रेचरवरून आत नेताना त्यानेच चादर नीट केली होती. मी काय हवंय ते सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं.

तो हात पुसायला लागला.

"आप्पा, माझी नोकरी जाईल."

"परत आणून देते," नेत्रा मॅडम म्हणाल्या. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजायची आणि परत. ओरखडासुद्धा पडणार नाही."

"सगळ्या पट्ट्या सर्वेश परत नेतो. इथे नसतात." तो थांबला. "एक आहे त्या मापाची. कपाटात. डॉक्टरांनी स्वतः ठेवलीय. मला म्हणाले, राहू दे, पुढे लागेल."

"कधीपासून आहे?"

"काय की. पावसाच्या आधीपासून असेल."

वासंतीचं ऑपरेशन पावसाच्या आधीच झालं होतं.

"दे," मी म्हटलं.

"तुम्ही मागितलीत म्हणून देतोय हां, आप्पा. मी काही बोललेलो नाही," असं म्हणत त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली. मॅडमनी प्रयोगशाळा गाठेपर्यंत ती उघडली नाही. उघडली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अरेच्चा."

पण काय ते सांगेनात. "आधी मोजू दे. डोळ्यांवर विश्वास ठेवून मग तोंडघशी पडायला नको."

६

मोजायचं काम साधं होतं. तुकड्याच्या दोन टोकांना तारा लावून वीज सोडायची, मधल्या ठरावीक भोकांपाशी दोन टोचण्या टेकवायच्या आणि बारीक काटा कुठे जातो ते बघायचं. मॅडमनी आधी चितेतल्या तुकड्यावरची काजळी आणि पापुद्रा घासून काढला. काटा थोडा हलला. मग कपाटातल्या पट्टीवर तीच भोकं, तेवढीच वीज. काटा तिपटीने पुढे गेला.

त्यांनी तारा उलट करून पुन्हा मोजलं. मग दुसरा तुकडा मोजला. मग मला टोचण्या धरायला लावून स्वतः काटा बघितला. दर वेळी तेच.

"वहिनींच्या पायात मिश्रधातू नव्हता," त्या म्हणाल्या. "शुद्ध टायटॅनियम होतं. आणि अशी मोडलीय म्हणजे मऊ."

"म्हणजे सर्वेश! भंगारातला तुकडा कापून दिलान त्याने."

"बसा, आप्पा. आता ते अरेच्चा काय होतं ते दाखवते."

त्यांनी मोडके दोन तुकडे टेबलावर जोडून मांडले. शेजारी कपाटातली पट्टी उभ्या कडेवर ठेवली. पट्टी सरळ नव्हती. गुडघ्याच्या बाजूला जराशी वाकलेली होती आणि टोकाशी पीळ दिलेला. तुकडे जोडल्यावर त्यांनाही तेवढाच बाक, तिथेच, तेवढाच पीळ.

"पाकिटातून येते तेव्हा ही पट्टी सरळ असते. हाडावर नीट बसावी म्हणून डॉक्टर ती ऑपरेशनच्या टेबलावर वाकवतात. प्रत्येकाच्या हाडाचा बाक वेगळा. ही चांगली पट्टी कुणाच्या हाडासाठी वाकवलीय?"

मी त्या वाकलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"वहिनींच्याच. आता बघा. सर्वेशने खोटी पट्टी दिली असती, तर खरी तिथे आलीच नसती. आणि हरिश्चंद्रने बदलली असती तर आधी बदलली असती, मग त्याच्याकडे सरळ पट्टी राहिली असती. हाड उघडल्यानंतर, हाड बघून, या दोन्ही पट्ट्या वाकवणारा माणूस एकच."

"पण दोन कशाला वाकवायच्या?"

"सर्वेश तुम्हाला काय म्हणाला होता? डॉक्टरांना काय करून दिलं त्याने?"

"साचा."

"खरी पट्टी कडक. ती सारखी मागेपुढे वाकवली की खराब होते. म्हणून आधी मऊ पट्टी हाडावर दाबून बाक घ्यायचा आणि मग तिच्याकडे बघून खरी वाकवायची. मऊ तो साचा. बाक घेऊन झाला की तो बाजूला ठेवायचा. आप्पा, त्यांनी बाजूला खरी ठेवली."

७

दवाखाना बंद व्हायच्या वेळी आम्ही आत गेलो. सलिल डॉक्टरांसमोर मॅडमनी कपाटातली पट्टी ठेवली, मी तुकडे ठेवले. डॉक्टरांनी आधी दार लावलं.

"साचा सहसा पातळ ॲल्युमिनियमचा असतो," ते शेवटी म्हणाले. "पुन्हा पुन्हा वाकवून माझे मोडायचे. म्हणून सर्वेशकडून टायटॅनियमचा करून घेतला. तीच जाडी, तीच भोकं, म्हणजे स्क्रूचाही अंदाज येतो. त्यावर लाल रंगाचा ठिपका होता. उकळून उकळून गेला असावा."

"असावा?" मॅडम म्हणाल्या.

"किती पेशंटचे बाक घेतले होते त्याच्यावर," ते मोडक्या तुकड्यांकडे बघत म्हणाले. "तो आधीच थकलेला होता."

"तुम्हाला कळलं कधी?" मी विचारलं.

त्यांनी मोडका तुकडा उचलून परत ठेवला.

"डॉक्टर, कळलं कधी?"

"पुढच्या पेशंटच्या वेळी. साचा समजून ही हातात घेतली. दाबली, तर वाकेना."

"तेव्हा वासंती कुठे होती?"

"घरी."

"उभी राहायला लागली होती?"

"अजून नाही."

म्हणजे वेळ होता. एक फोन शेजारच्या दुकानात केला असता तरी मी रिक्षा करून तिला आणलं असतं. मी ते बोललो. ओरडलो असेन, कारण बाहेरून नर्सने दार वाजवलं.

"मला वाटलं, टिकेल," डॉक्टर म्हणाले. "हाड जुळेपर्यंत टिकली असती तर कुणालाच त्रास नव्हता. पुन्हा उघडायचं म्हणजे काय सांगून उघडायचं?"

"आणि मोडल्यावर माझ्या मुलीचं नाव घेतलंत."

"मी नाव घेतलं नाही. मी म्हटलं, भार पडला."

"वाडीला तेवढं पुरतं."

त्यांनी तुकडे माझ्याकडे सरकवले. मग म्हणाले, "तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. मी नाही म्हणणार नाही."

"ती करणारच आहे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत माझी पोर त्या खोलीतच बसेल. तुम्ही आत्ता माझ्या घरी चला."

"आत्ता?"

"गाडी काढा," नेत्रा मॅडम म्हणाल्या. "जागा आहे ना तिघांना?"

८

सावनी पडवीत तांदूळ निवडत होती. गाडीतून डॉक्टर उतरताना दिसले तशी ती आत जायला उठली.

"थांब," मी म्हटलं. "हे तुला काही सांगायला आलेत."

डॉक्टरांनी सांगितलं. उभ्याउभ्याच, कारण बसा असं तिने म्हटलं नाही. सुरुवातीला ते वळसे घेत होते. मॅडमनी एकदा घसा साफ केला, तेव्हा सरळ बोलले. साचा कुठला, पट्टी कुठली, कधी कळलं आणि काय केलं नाही.

सावनीने मध्ये एकदाच विचारलं. "मी तिला उभं केलं नसतं तर?"

"तरी मोडली असती."

"कधी?"

"केव्हाही. कुशीवर वळताना, खाटेवरून उठताना. ती त्या कामाची नव्हतीच."

"आणि मी विचारलं होतं ना तुम्हाला, उभं करू का?"

"विचारलं होतंत. मी हो म्हणालो होतो."

मला वाटलं आता ती रडेल. इतके दिवस रडली नव्हती. मी पुढे झालो. तिने हातानेच मला थांबवलं, तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"हे मला माहीत होतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "म्हणजे मी विचारलं होतं हे. मलाच सांगून काय उपयोग?"

"मग कुणाला सांगू?"

"चला."

ती पायरी उतरून चपला घालायला लागली. विहिरीकडच्या वाटेवर गोदाकाकूचं घर, पुढे धोंडूचं, पलीकडे सावित्रीवहिनींचं. सगळ्यांच्या पडव्यांत माणसं होती. डॉक्टरांची गाडी बघून तीन घरांतली बाहेर आलीच होती.

"सगळ्या घरांत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

विचारायचं ते तिला विचारा, असं मी हाताने दाखवलं. पण ती एव्हाना निम्म्या वाटेवर होती.

"काकू!" तिने हाक मारली. किती दिवसांनी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला. "ओ गोदाकाकू, बाहेर या जरा! डॉक्टर आलेत. त्यांना बोलायचंय."